छंदाचा रकाना

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत आणि डावा कान नाही, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. तशी कुणाची छातीही नाही. वकीलबाईंनी छापील मसुदा दिला होता. त्यात ‘सदरहू’ इतक्या वेळा आलं की हा सदरहू कोण, ते मला शेवटपर्यंत कळेना. म्हणून तो बाजूला ठेवला आणि स्वतः लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण कापडावर खडूने जे लिहीत आले ते साठ वर्षांत फारसं चुकलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी काढून दाखवलं तर ते खोटं समजावं.

हे मृत्युपत्र माझ्या मागे उघडायचं नाही. माझी नात, जिला घरात सगळे बारकी म्हणतात, तिने ते मी जिवंत असताना माझ्यासमोर बसून वाचायचं आहे. वकीलबाई म्हणाल्या, “आजी, असं कुणी करत नाही.” म्हटलं, “न करणारे मेले, आणि मागचे भांडत बसले.” खरं कारण कलम सहामध्ये आहे. बारकीने आधी पानं उलटून तिकडे जाऊ नये. ओळीने वाचावं. तुझ्या आईलाही शेवटचं पान आधी बघायची खोड होती.

माझे वारस दोन. एक मुलगा. दुसरी बारकी, म्हणजे माझ्या लेकीची मुलगी. लेक अकरा वर्षांपूर्वी गेली.

कलम एक. वरच्या दोन खोल्या, गच्ची आणि जिना मुलाला द्यावा. मुलगा फरशा विकतो. शाळेत तो कधी पहिला आला नाही, दहावाही आला नाही, आणि मी त्याला कधी बोलले नाही, कारण आशाच नव्हती. सगळी आशा लेकीवर खर्च झाली होती. हा रविवारी जेवून पोट वर करून झोपतो. संध्याकाळी उठतो, तोंडावर उशीचे वळ घेऊन बाहेर येतो आणि विचारतो, “चहा झाला का गं?” तो सुखी माणूस आहे. मला त्याचा राग येतो, तो का येतो ते मला आता आता कळायला लागलं आहे, आणि ते कळूनही राग कमी झालेला नाही. तरी घर त्याचं. त्याने ते विकायला काढलं तर माझी हरकत नाही, मी काही बघायला नसेन.

पण एक अट. स्वयंपाकघरात खिडकीपाशी जी लाकडी खुर्ची आहे, ती आणि तिच्यावर बसायचा हक्क बारकीचा. तिने कधीही यावं, कितीही वेळ बसावं. ‘का आलीस’, ‘काय झालं’, ‘आज सुट्टी का’ असं मुलाने किंवा सुनेने विचारायचं नाही. विचारलं तर घर परत घ्यावं. ते कसं घ्यायचं हे वकीलबाई बघतील.

कलम दोन. दुकान, सहा मशिनं, दोन इस्त्र्या आणि कापायचं टेबल मास्तरीणबाईला द्यावं. सगळ्यांना वाटतं मी हे बारकीला देईन आणि ती त्याचे सहाचे साठ करील. करीलच. म्हणूनच देत नाही. मास्तरीण माझ्याकडे एकवीस वर्षं कापायला आहे. हात बरा आहे, तोंड फार चालतं. तिने दुकान वाढवायच्या भानगडीत पडू नये. पाटीवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे ते काढून स्वतःचं लावावं, रंगाचा खर्च पुढच्या कलमातून करावा.

कलम तीन. बँकेत जे असेल त्यातून दुकानातल्या सगळ्या बायकांना चष्मे करून द्यावेत, चांगले, रस्त्यावरचे नव्हेत. उरेल ते मुलाने आणि बारकीने सारखं वाटून घ्यावं. यावर मला जास्त काही लिहायचं नाही.

कलम चार. माझी बारा इंची कात्री. ही कुणालाही देऊ नये. धार गेली आहे आणि मूठ माझ्या अंगठ्याच्या मापाने झिजली आहे, दुसऱ्याच्या हाताला घट्टे पडतील. भंगारात घालावी. ती काचेच्या कपाटात ठेवून खाली माझं नाव लिहायचं, असले चाळे करू नयेत.

कात्रीवरून एक सांगते. नवरा मापं घ्यायचा, मी आत कापायचे. गिऱ्हाइकाला वाटे तोच कापतो. तो चांगला माणूस होता, पण कोण काय समजतं ते दुरुस्त करायचा त्याला कंटाळा होता. तो गेला तेव्हा गल्ली म्हणाली, आता दुकान बंद. दुसऱ्या आठवड्यात कोट वेळेवर गेले, तेव्हा म्हणाली, शिकवून गेला हो बिचारा. मग मी दात ओठ खाऊन कामाला लागले. मोठ्या इस्पितळाच्या सगळ्या गणवेशांचं काम मिळवलं. चाळीस मशिनं झाली होती तेव्हा. सही करून इस्पितळातून आले, दुकानाच्या जिन्यावर बसले, म्हटलं आता काहीतरी वाटेल. बराच वेळ बसले. चप्पल चावत होती, तेवढंच वाटलं. मग उठून काजं तपासायला गेले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला सांगायला हवं होतं. तिलाही तसलाच जिना कुठेतरी लागला असणार. पण आमच्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. ती बढतीचा फोन करायची, “आई, झालं गं.” मी म्हणायचे, “बरं झालं. पुढची कधी?”

कलम पाच. जावयाची छत्री माडीवरच्या खुंटीवर आहे. तो लेकीला सोडून गेला तेव्हा विसरून गेला. जाताना मला म्हणाला होता, “तुमच्या लेकीच्या वेळापत्रकात मी जेवणाच्या सुट्टीएवढासुद्धा नाही.” मी म्हटलं, “मग डबा घेऊन जात जा.” छत्री त्याला पाठवून द्यावी. दोन काड्या मोडल्या आहेत, त्या मी मोडल्या. पण तो बोलला ते खोटं नव्हतं, एवढंही कळवावं.

कलम सहा. हा कबुलीजबाब आहे. यात कुणाला काही मिळत नाही. उलट बारकीचं एक काढून घेतलं जातं.

बारकीला माहीत आहे ते आधी लिहिते, म्हणजे नोंद राहील. तिची आई, माझी लेक, वीज कंपनीत साधी इंजिनियर म्हणून लागली आणि सगळ्यांच्या वरच्या खुर्चीत पोहोचली. त्या खुर्चीत तिच्याआधी बाई बसली नव्हती. एकोणपन्नासाव्या वर्षी, कंपनीच्या बैठकीच्या खोलीत, बसल्या बसल्या गेली. बैठक संपली, सगळे उठून जेवायला गेले, ही बसून राहिली. त्यांना वाटलं, साहेब कागद वाचतायत. दोन तास कुणी आत गेलं नाही, कारण साहेब काम करत असताना आत यायचं नाही हा तिचाच हुकूम होता. अख्ख्या शहरात उजेड पाडायची, आणि तिच्यापाशी दोन तास कुणी नव्हतं. मीही नव्हते. मी त्या वेळी एका दांडगोबाच्या पँटची कंबर सैल करत होते.

आता बारकीला माहीत नाही ते.

लेक गेल्यावर चौथ्या दिवशी कंपनीच्या मासिकाचा माणूस दुकानात आला. नम्र होता. हातात छापील कागद. तिच्यावर खास अंक काढायचा होता. जन्म, शिक्षण, कुठे कुठे काम, कोणकोणती बक्षिसं, सगळं त्याच्याकडे भरलेलं होतं, माझ्यापेक्षा जास्त. खाली एक रकाना रिकामा. तो म्हणाला, “आजी, एवढंच राहिलंय. छंद. साहेबांना काय आवडायचं?”

मी म्हटलं, “काम.”

तो म्हणाला, “ते वर आलंय. कामाव्यतिरिक्त.”

मी विचार केला. वर तिच्या जुन्या खोलीत जाऊन आले. कपाटात ढाली, पेले, शाली, गुंडाळलेली मानपत्रं. एक गोष्ट अशी सापडेना की जी कुणी तिला दिलेली नव्हती आणि तिने स्वतःहून आणली होती. मी तिची आई. एकोणपन्नास वर्षं ओळखत होते. खाली आले तर तो पेनाचं टोपण काढून बसलेला, समोर दोन ओळींची जागा. मला लाज वाटली. लेक गेल्याचं दुःख होतंच, पण त्या घडीला लाज मोठी होती. रिकामा रकाना छापून येईल आणि लोक म्हणतील, बाईला काही आवडतच नव्हतं.

भिंतीवर दोऱ्याच्या व्यापाऱ्याने दिलेलं कॅलेंडर होतं. त्यावर निळ्या पाण्यात सूर मारणारी एक बाई. मी म्हटलं, “पोहणं.”

त्याने लिहून घेतलं. टोपण लावलं. चहा घेऊन गेला.

झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण अंक निघाला आणि कंपनीने आपल्या पोहण्याच्या तलावाला तिचं नाव दिलं. वर्षाला तिच्या नावाची ढाल ठेवली. मला बोलावून हार घातला. मी तिथे उभी राहून पाण्याकडे बघत होते, आणि मला ठाऊक होतं की माझी लेक सहा वर्षांची असताना मागच्या हौदात पडली होती, आणि तेव्हापासून डोक्यावरून तांब्या ओतून घ्यायलासुद्धा भ्यायची. मोठी साहेब झाली तरी केस धुताना दार उघडं ठेवायची, का ते मलाच ठाऊक.

मग बारकी, तू आलीस. पंचवीस वर्षांची होतीस. म्हणालीस, “आजी, आई पोहायची? मला कधीच बोलली नाही.”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “लहानपणी.”

“कुठे?”

“नदीत. मासोळीसारखी.”

एक खोटं शिवायला बसलं की त्याला अस्तर लागतं, मग खिसे लागतात. तू दुसऱ्या आठवड्यात त्या तलावाची मेंबर झालीस. अकरा वर्षं झाली. रोज सकाळी सहाला पाण्यात, सातला माझ्या स्वयंपाकघरात, त्या खिडकीच्या खुर्चीवर, ओल्या केसांनी. कपाला दोन्ही हात शेकत बसतेस. तोंड असं, की जणू खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडून दाढ काढून आली आहेस. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, “मजा येते का गं?” तू म्हणालीस, “गार असतं. नाकात जातं. पण आईच्या जवळ गेल्यासारखं वाटतं.” त्यानंतर मी विचारलं नाही. गेल्या साली ती ढाल तूच जिंकलीस. आईच्या नावाची ढाल, आईला न आवडणाऱ्या गोष्टीसाठी, तुलाही न आवडणाऱ्या गोष्टीसाठी. घरी आणून माझ्या हातात दिलीस. मी म्हटलं, “बरं झालं.” ‘पुढची कधी’ तेवढं गिळलं.

यानेही मी तोंड उघडलं नसतं. मी कोडगी आहे. पण गेल्या रविवारी तू आलीस ते आईच्याच खुर्चीचं पत्र घेऊन. तीच कंपनी, जिथे तूही आईसारखीच चढत आलीस, तीच खोली, तेच टेबल. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं. तू पत्र दाखवलंस आणि पेढा मिळाल्यासारखं तोंड करायच्या ऐवजी विचारलंस, “आजी, खरं सांग. आई तिथे खूश होती का?”

मी म्हटलं, “मला काय ठाऊक? मी खाली शिवत होते.”

तू पत्राची घडी घातलीस. मग म्हणालीस, “मला नाही वाटत होती. पण निदान तिच्याकडे पाणी होतं. तेवढ्यावर तिने निभावून नेलं. माझ्याकडेही आहे. जमेल मला.”

बारकी, तिच्याकडे पाणी नव्हतं. तिच्याकडे काही नव्हतं. असेल तर मला दिसलं नाही, आणि बघायचं काम माझं होतं. जी फळी बघून तू त्या ओढ्यात पाय टाकते आहेस, ती फळी मी कॅलेंडरावरून उचलली. एवढंच सांगायला हे अख्खं मृत्युपत्र आहे. तोंडाने सांगता आलं नाही. मी तोंडाने फक्त लागेल असं बोलू शकते.

खुर्ची घे की नको, हे मी सांगणार नाही. मी सांगत आले त्याचं काय झालं ते वर लिहिलं आहे.

कलम सात. माडीवरच्या पेटीत एक करडा कोट आहे, एक बाही सुटलेली. तो बारकीला द्यावा.

आमच्या दुकानात पूर्वी कोट उलटवायचं काम यायचं. वापरून विटलेला कोट पुरता उसवायचा, आतली बाजू बाहेर करून परत शिवायचा. नवा दिसतो. फक्त छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे येतो, जाणकाराला तेवढ्यावरून कळतं. उसवायचं काम पोरांचं. लेक सात-आठ वर्षांची असल्यापासून टेबलाखाली बसून ते करायची. ब्लेडचा तुकडा घेऊन एकेक टाका. कापडाला कधी चीर नाही. दोरे वेगळे काढून रिळावर गुंडाळायची, आणि नाकातून कसलासा सूर काढायची. सूर धड नव्हता, पण चालू असायचा.

ती दहा वर्षांची असताना शाळेच्या हेडबाई दुकानात आल्या. म्हणाल्या, “हिच्यासारखं गणित मी वीस वर्षांत पाहिलं नाही. हिला तुम्ही टेबलाखाली बसवता?” मला चाबूक बसला. त्याच संध्याकाळी मी ब्लेड काढून घेतलं. ती रडली. मी म्हटलं, “उसवणं हे काम नव्हे. ज्याला शिवता येत नाही तो उसवतो.” त्यानंतर तो सूर मी ऐकला नाही, आणि ऐकू येत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. घरात पहिला नंबर यायला लागला होता.

मग ती जाण्याच्या आधीच्या वर्षी, एका रविवारी दुपारी, गाडी लांब उभी करून एकटीच आली. म्हणाली, “आई, काही उसवायला आहे का?”

मला वाटलं थट्टा करते. हा करडा कोट पडून होता, गिऱ्हाईक परत आलंच नव्हतं. तो दिला. तिने चपला काढल्या, जमिनीवर बसली आणि तीन तास बसली. तिचे फोन वाजत होते, ते तिने उशीखाली ढकलले. एक बाही सुटली. सूर होता की नाही ते मला सांगता येत नाही, ती डावीकडे बसली होती आणि तो कान तेव्हा गेला होता. मी कामाची माणूस, तीन तास एका बाहीला म्हणजे माझ्या जिवाला घोर. मी म्हटलं, “ठेव गं बाई. साहेबाच्या पगारात उसवणी मला परवडत नाही.”

ती हसली. ब्लेड कोटातच खोचलं, उठली आणि गेली. परत उसवायला आली नाही.

कोट तसाच आहे. ब्लेडही तिथेच आहे, गंजलं आहे, जपून हात घालावा. तिच्या आवडीची म्हणून मी शपथेवर सांगू शकते अशी ही एकच गोष्ट, आणि ती मी दोनदा काढून घेतली. बारकीने कोट घ्यावा. घेऊन काय करावं ते तिचं तिने ठरवावं.

कलम आठ. या कलमाची नक्कल वकीलबाईंनी वीज कंपनीला पाठवावी. तलावावरची पाटी काढावी. माझ्या लेकीला पाण्याची भीती वाटायची. पाटी लावायचीच असेल तर बैठकीच्या त्या खोलीच्या दारावर लावावी, आणि तिच्यावर लिहावं की आत कुणी एकटं बसलेलं दिसलं तर दार वाजवावं. मासिकाच्या माणसाला माझी तक्रार नाही. त्याने रकाना भरला. रकाना रिकामा ठेवायची हिंमत माझ्यात नव्हती.

माझं मागणं काही नाही. माझ्यावर लेख लिहू नये. कुणी कागद घेऊन आलंच, तर छंदापुढे ‘भांडणं’ लिहावं. ते खरं आहे.

वरचं सगळं मी माझ्या हाताने, शुद्धीत, चष्मा लावून लिहिलं. पान तीनवर चहाचा डाग आहे, तो माझाच. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे बाजूला अंगठा उठवला आहे. लिहिता येत होतं, पण सही कुणी मागितली नाही; ती मी चाळिशीत करायला लागले, तोवर अंगठाच होता. अंगठा जास्त माझ्यासारखा दिसतो.

लिहून देणार: (सही व डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार एक: समोरचे बटणवाले. (सही) साक्षीदाराने आतलं वाचायची गरज नसते, तरी यांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. त्यांना सांगितलं आहे की काचा घाण असतील तर घरी पुसा.

साक्षीदार दोन: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. (सही) यांनी वाचलं नाही. घाईत होते, खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसला होता.

ठिकाण: कापायच्या टेबलापाशी.
दिनांक: एकोणीस ऑक्टोबर, दुपारी.

पुरवणी

वरच्या मृत्युपत्राला ही जोडणी मी पुन्हा त्याच शुद्धीत करते.

वीस तारखेला सकाळी सातला बारकी ओल्या केसांनी आली. मी चहा ठेवला आणि कागद पुढे सरकवले. तिने ओळीने वाचलं. कलम पाचला थोडी हसली. कलम सहाला कप खाली ठेवला तो परत उचलला नाही. संपल्यावर कागद नीट जुळवले, कडेला कड लावून, तिच्या आईसारखे. म्हणाली, “मग अकरा वर्षं मी कुणाबरोबर पोहत होते?”

ती उठून गेली. मागे खुर्चीवर केसांचं पाणी सांडलेलं होतं.

चार दिवस आली नाही. मुलगा म्हणाला, “आई, एवढं खरं कशाला लिहायचं?” तो चुकलेला आहे असं मी म्हणणार नाही.

पाचव्या दिवशी सातला आली. केस ओलेच. मी बघतच राहिले. म्हणाली, “बघू नकोस अशी. सहाला जाग येते. दुसरं काय करायचं ते सुचत नाही.” मग म्हणाली, “मला पाणी मुळीच आवडत नाही, आजी. पहिल्या दिवसापासून.” आणि कोट मागितला.

पेटीतून काढून दिला. नवं ब्लेड दिलं. ती आईसारखी जमिनीवर बसली, दुसरी बाही हातात घेतली. पाऊण तास उसवत होती. दोनदा बोटाला लागलं, एकदा कापडाला. मी तोंड बंद ठेवलं, किती जड गेलं ते मलाच ठाऊक. शेवटी तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

“मला हेही आवडत नाही, आजी.”

मी म्हटलं, “मग ठेव.”

तिने ठेवला. उठून खिडकीच्या खुर्चीवर बसली. साडेआठला फोन वाजला. नऊला वाजला. टेबलावर थरथरत कडेपर्यंत सरकला, तो मी मधे सरकवला. तिने हात लावला नाही. तिने काही केलं नाही. बसून होती, दहा वाजेपर्यंत. केस आपोआप वाळले. मी विचारलं नाही. महिना संपायला सहा दिवस आहेत. आईच्या खुर्चीचं काय ठरवलं ते तिने सांगितलं नाही, तेही मी विचारलं नाही.

सबब कलम सात रद्द. कोट मास्तरीणबाईला द्यावा, ती उलटवून विकील. चीर पडली आहे तिथे आतून ठिगळ द्यावं.

कलम एकची अट कायम.

आणि उद्या कधी बारकीबद्दल कुणी छापील कागद घेऊन दारात उभं राहिलं, आणि त्या वेळी सांगायला ती नसली, तर छंदाच्या रकान्यात एवढंच लिहावं: पाणी नाही, उसवणी नाही. तिच्या आईच्या वेळी मला एवढंही सांगता आलं नव्हतं. उरलेली जागा रिकामी सोडावी. कुणी भरायला लागलं तर पेन काढून घ्यावं.

लिहून देणार: (फक्त अंगठा)

साक्षीदार: तेच दोघे. दातांच्या डॉक्टरांनी या वेळी वाचलं.

ठिकाण: स्वयंपाकघर.
दिनांक: पंचवीस ऑक्टोबर.